परदेशातला गजबजलेला बाजार : तुमचे अनुभव सांगा

तिरफळ

प्रवासवर्णनं वाचताना एक गोष्ट मला हमखास खटकते. राजवाड्यावर तीन परिच्छेद, चर्चच्या रंगीत काचांवर दोन, आणि बाजार मात्र ‘थोडीफार खरेदी करून हॉटेलवर परतलो’ एवढ्यात गुंडाळलेला. अहो, त्या थोड्याफार खरेदीतच तर खरी गंमत! भाषा येत नाही, मागून रेटा येतोय, पर्स छातीशी धरलेली, आणि समोरचा दुकानदार आपल्या चपलांपासून गॉगलपर्यंत नजर फिरवून मनातल्या मनात आकडा ठरवतोय. त्या वेळी नेमकं काय झालं, ते ऐकायला आवडेल.

अटी दोनच. काय काय घेतलं त्याची यादी नको. आणि ‘सगळे लुटारू आहेत, जाऊ नका’ एवढं एक वाक्य टाकून पसार व्हायचं नाही. बाजार तिथल्या लोकांचा हवा, म्हणजे जिथे तिथली माणसं स्वतः पिशव्या घेऊन येतात तो. मॉल बाद, विमानतळावरची दुकानंही बाद.

माझ्यापासून सुरुवात करते. इस्तंबूलचा ग्रँड बझार ऐकून सगळ्यांनाच माहीत असतो. १४५३ मध्ये शहर जिंकल्यावर थोड्याच वर्षांत सुलतान दुसऱ्या मेहमेदने तो बांधायला घेतला. आज आत साठेक गल्ल्या आणि हजारो दुकानं आहेत. जरूर बघा, फक्त रविवारी जाऊ नका, बंद असतो. पण आत बरीचशी गर्दी आपल्यासारख्या बघ्यांचीच. तिथल्या लोकांचा बाजार सुरू होतो तो महमूतपाशा दरवाज्यातून बाहेर पडल्यावर. तिथून जो उतार लागतो तो थेट खाली मसाल्याच्या बाजारापर्यंत आणि पुढे एमिनोन्यूच्या धक्क्यापर्यंत. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी दादरच्या फुलबाजारात पाय आपोआप पुढे सरकतात ना, तसे इथे सरकतात. थांबायचं तर एखाद्या दुकानाच्या पायरीवर चढावं लागतं.

मी चढले ती एका पोशाखाच्या दुकानाची पायरी. मुलांच्या सुंतेच्या समारंभाचे कपडे तिथे मिळतात. पांढरा सॅटिनचा कोट, फरची किनार लावलेला झगा, डोक्यावर पिसांची टोपी, हातात राजदंड. सात-आठ वर्षांचा एक मुलगा स्टुलावर उभा होता. आई गुडघ्यावर बसून झग्याला टाचण्या लावत होती आणि आजी दुकानदाराशी भांडत होती. भांडता भांडता आजी झग्याची शिवण उलटी करून नखाने ओढून बघायची, आणि प्रत्येक ओढीसरशी दुकानदार आकडा थोडा खाली आणायचा. तेवढ्यात गर्दीतून चहावाला आला. त्याचं तबक वरच्या कडीला तीन दांड्यांनी लटकवलेलं असतं, त्यामुळे माणसाला धक्का बसला तरी ते नुसतं झुलतं, चहा सांडत नाही. दुकानदाराने पैसे दिले नाहीत, गल्ल्यातून प्लास्टिकची एक चकती काढून तबकात टाकली. चकत्या आधीच विकत घेऊन ठेवतात म्हणे, म्हणजे दर कपामागे सुट्ट्याची कटकट नाही. आजीला चहा मिळाला. माझ्याही हातात एक पेला आला, मी तर काहीच घेणार नव्हते! आजीने माझ्याकडे बघून त्या मुलाकडे बोट केलं, कसा दिसतोय, असं. मी मान डोलावली. त्या दिवशीचा माझा सगळा तुर्की संवाद तेवढाच.

खाली पोचल्यावर मसाल्याच्या बाजाराच्या मागच्या बाजूला, कोपऱ्यावर, कॉफीच्या दळणाचा वास येतो. कुरुकाहवेजी मेहमेत एफेंदी, १८७१ पासूनचं दुकान. खिडकीशी रांग कायम असते, पण ती झपाझप पुढे जाते, कारण आतली माणसं पुड्या बांधण्यात तरबेज आहेत. रांगेत बहुतेक सगळे तिथलेच. मला तर तो बाजार आतल्या सगळ्या दिव्यांच्या नि गालिच्यांच्या दुकानांपेक्षा जास्त आवडला.

चला, आता तुम्ही.


सुपारी

तिरफळताई, झकास विषय. आम्ही नणंद-भावजया मिळून व्हिएतनामला गेलो होतो. हो ची मिन्ह शहरात बेन थान्ह नावाचा मोठा बाजार आहे, फ्रेंचांच्या काळात १९१४ साली सुरू झालेला, दारावर घड्याळाचा मनोरा. आत वाट इतकी अरुंद की समोरून कोणी आलं तर एकाने दुकानात शिरायचं. आणि विक्रेत्या बायका हाताला धरून थांबवतात. वाईट हेतूने नाही हो, पण सवय नसली की दचकायला होतं.

वन्संना गर्दी नको होती, म्हणून सकाळी सकाळीच पोचलो. आमच्या पुढे एक गोरं जोडपं बॅगा बघत होतं. एक काढ, दुसरी काढ, साखळी उघड, कॅल्क्युलेटरवर आकडे दाब. (तिथे सगळा सौदा कॅल्क्युलेटरवर होतो. ती आकडा दाबून आपल्याकडे देते, आपण दाबून तिच्याकडे.) चांगली पंधरावीस मिनिटं घोळ घालून दोघं ‘थँक्यू’ म्हणून निघून गेली. बाईचं तोंड उतरलं. तिने कागदाचा एक बोळा पेटवला आणि त्या सगळ्या बॅगांवरून, दुकानाच्या उंबऱ्यावरून फिरवला. मला वाटलं डास घालवतेय.

वन्सं मात्र जागच्या जागी थांबल्या. “वहिनी, हिची भवानी बिघडली बघा,” म्हणाल्या. वन्संचं माहेर, म्हणजे माझं सासर, सांगलीकडचं कापडदुकानदारांचं. मामंजी पहिल्या गिऱ्हाइकाला कधी रिकाम्या हाताने जाऊ द्यायचे नाहीत, वेळप्रसंगी खरेदीच्या भावात द्यायचे, पण भवानी करायचे. शेजारच्या दुकानातल्या मुलीला थोडं इंग्रजी येत होतं, तिने हेच सांगितलं. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक घासाघीस करून न घेता गेलं तर दिवस वाया जातो, मग ती अवदसा कागद जाळून घालवायची.

वन्संनी मग काय करावं? एक छोटी पाकीट-पर्स उचलली आणि बाईने सांगितला तो आकडा न बोलता दिला. बाई इतकी हसली! त्यानंतर आम्ही चार बॅगा घेतल्या, त्यांचा भाव तिने आपणहून कमी केला. तेव्हा घासाघीस जरूर करा, पण सकाळी पहिल्याच दुकानात, घ्यायचं नक्की नसताना, करू नका. दुपारी हवा तेवढा घोळ घाला, त्यांनाही त्यात मजा येते.

आणि नोटा! तिथे हजार-लाखातच बोलायचं असतं. वीस हजार डाँगची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळसरच. गर्दीत, घाईत, दिव्याच्या पिवळ्या उजेडात दोन्ही सारख्याच दिसतात. वन्संनी पाच लाखांच्या नोटा पर्सच्या आतल्या कप्प्यात वेगळ्या ठेवल्या होत्या, वर फक्त लहान नोटा. दुकानदाराची पोर ती, तिला कोण शिकवणार?


खडूस काका

घासाघीस, घासाघीस! जिथे जावं तिथे आपले लोक ‘भैया, लास्ट बोलो’ सुरू करतात. ज्यांना ती जमत नाही अशा माझ्यासारख्यांसाठी जपानमधल्या क्योतोचा निशिकी बाजार सुचवतो. जेमतेम चारशे मीटर लांब, वर छप्पर असलेली एक चिंचोळी गल्ली, दोन्ही बाजूंना शंभराहून अधिक दुकानं. भाव लिहिलेला असतो. जो लिहिलाय तो द्यायचा. विषय संपला.

गर्दी भरपूर, पण कोणाचा धक्का लागत नाही, हे मी पुणेकर असूनही कबूल करतो. चालता चालता खाऊ नका, अशा पाट्या आहेत. जिथे घेतलं तिथेच उभं राहून खायचं आणि काडी त्याच दुकानदाराला परत द्यायची, कारण रस्त्यात कचरापेटी शोधून सापडत नाही. पैसे हातात द्यायचे नाहीत, गल्ल्यापाशी एक छोटं ताट असतं, त्यात ठेवायचे. सुटे परत येतात तेही त्याच ताटात, मोजून, नीट मांडून.

सुऱ्यांचं एक दुकान आहे, आरित्सुगु, १५६० सालापासूनचं. त्यांचे पूर्वज तलवारी करत. बाहेर एवढी गर्दी, पण आत गेल्यावर विक्रेत्याने मला घाईने काहीही गळ्यात मारलं नाही. आधी विचारलं, कापणार काय? मासे की भाजी? हात डावा की उजवा? मग दोनच सुऱ्या पुढे ठेवल्या. घेतली तिच्यावर छिन्नी-हातोडीने नाव कोरून दिलं. ‘कोणाचं नाव घालू’ या प्रश्नावर सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिलं नाही.

शाकाहारी मंडळींनी मात्र जपून. लोणची सोडली तर बहुतेक प्रत्येक गोष्टीत माशाचा अर्क असतो, अंड्याच्या गोड ऑम्लेटमध्येसुद्धा.


सुपारी

काका, सुरी काकूंच्या नावाची असेल तर भाजी तुम्ही चिरता की त्या?


खडूस काका

धाग्याच्या विषयाला धरून बोलावे.


रानवारा

मी मोरोक्कोतल्या फेझबद्दल लिहितो. सोबत बाबा होते. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त मास्तर, आयुष्य यवतमाळ जिल्ह्यात गेलेलं, परदेश पहिल्यांदाच. मला भीती होती, बाबांना हे झेपेल का. प्रत्यक्षात मलाच झेपलं नाही.

फेझचं जुनं शहर म्हणजे गल्ल्यांचं जाळं. १९८१ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. आत मोटारी नाहीत, सगळा माल खेचरांवर, गाढवांवर आणि हातगाड्यांवर. काही ठिकाणी हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात आणि त्याच गल्लीतून खेचरावर गॅसचे सिलिंडर लादून माणूस येतो. तो मागून ओरडतो, “बालाक! बालाक!” म्हणजे बाजूला व्हा. मी प्रत्येक वेळी आधी वळून बघायचो आणि बघेपर्यंत खेचराचं नाक माझ्या खांद्याशी आलेलं असायचं. बाबा पहिल्याच हाकेला न बघता भिंतीला चिकटायचे. “जनावर मागून येत असलं तर तोंड फिरवत नाहीत बाबू, जागा करतात,” एवढंच म्हणाले.

कातडी कमावायच्या चौआरा टॅनरीकडे जाताना कच्च्या कातड्यांनी लादलेलं एक खेचर पुढे चाललं होतं. बाबांनी मला थांबवून दाखवलं, ओझं कसं बांधलंय ते. दोन्ही बाजूंना सारखं, पण डावीकडचा दोर थोडा सैल, कारण पुढे गल्ली डावीकडे वळते आणि तिथे भिंतीला घासल्यावर ओझं दबायला जागा हवी. पुढच्या वळणावर तसंच झालं. मी कॅमेरा काढेपर्यंत खेचर गेलंसुद्धा.

टॅनरी वरूनच बघायची असते, चामड्याच्या दुकानांच्या गच्च्यांवरून. दारातच पुदिन्याची काडी हातात देतात, ती नाकाशी धरायची. खाली दगडी हौद. पांढऱ्या हौदांत चुना आणि कबुतरांची विष्ठा, त्याने कातडं मऊ पडतं. बाकीच्यांत रंग. माणसं मांड्यांपर्यंत त्यात उतरून पायांनी कातडी तुडवतात, भर उन्हात. आमच्या बाजूला उभी असलेली माणसं फोटो काढत होती. बाबांनी पुदिना नाकाशी धरला नाही, खिशात ठेवला. काही बोलले नाहीत. खाली दुकानात उतरल्यावर मात्र चपलांच्या जोडाचा जो भाव सांगितला त्यावर एक शब्द काढला नाही. घरी पाचशे रुपयांच्या चपलेला तीनशे म्हणणारा माणूस. मी मध्ये बोलणार होतो, त्यांनी हातानेच गप्प केलं. त्यामुळे घासाघिशीबद्दल माझं मत अजून पक्कं नाही.

एक कामाची गोष्ट. रस्ता चुकणारच, त्यावर इलाज नाही. पोरं येतात, “पुढे रस्ता बंद आहे, टॅनरी इकडे” म्हणतात. रस्ता बंद नसतो. ‘शुक्रान’, म्हणजे धन्यवाद, म्हणून चालत राहायचं. शहर उतारावर आहे. बू जलूद दरवाज्यापासून (बाहेरून निळा, आतून हिरवा) दोन मुख्य रस्ते खाली नदीच्या बाजूला उतरतात. म्हणून बाहेर पडायचं असेल तर चढाची गल्ली धरायची. मोबाईलचा नकाशा त्या भिंतींमध्ये भरकटतो, चढ भरकटत नाही. हा शोध अर्थातच बाबांचा.


लोकल प्रवासी

थायलंडच्या मेकलाँग रेल्वेबाजाराचं कोणी लिहिलं नाही अजून? रुळांवरच भाजी-मासळीचा बाजार. गाडी यायची वेळ झाली की छत्र्या नि ताडपत्र्या मागे ओढतात, मासळीच्या चाकं लावलेल्या पाट्या मागे सरकवतात, गाडी अगदी अंगाला घासून जाते आणि तिच्या पाठोपाठ सगळं पुन्हा जागेवर. भाजीच्या बुट्ट्या तर उचलतही नाहीत, इतक्या खाली ठेवलेल्या असतात की डबा त्यांच्यावरून निघून जातो.

बघण्यासारखं आहे, पण खरं सांगू? तिथली गर्दी आता आपणच आहोत. गाडीच्या वेळेला शेकडो मोबाईल वर, आणि ज्या मावशीला मिरच्या विकायच्या आहेत तिच्या पाटीसमोर आपण पाठ करून उभे. गाडी गेल्यावर पाच मिनिटांत सगळे बसमध्ये. मी गाडी जाऊन तासभर झाल्यावर फिरलो. तेव्हा घरच्या बाया येतात, माशाचे कल्ले बघतात, विकणाऱ्या मावश्या डबे उघडून जेवतात. फोटो एकही बरा आला नाही, पण बाजार तेव्हा दिसला.


वरीचे तांदूळ

माझी आठवण जुनी आहे. यजमानांच्या कामामुळे आम्ही काही महिने इस्रायलमध्ये होतो. जेरुसलेमला महाने येहुदा नावाचा मोठा बाजार आहे. त्यातल्या गल्ल्यांना फळांची नावं आहेत, सफरचंदाची गल्ली, पीचची गल्ली, तुतीची गल्ली. इतर दिवशीही गर्दी असते, पण शुक्रवारी दुपारी जाल तर खरा बाजार बघाल. सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, लागतो. मग शनिवारी रात्रीपर्यंत खरेदी नाही, चूल नाही, बस नाही. त्यामुळे दोन दिवसांचं सगळं शुक्रवारी दुपारी घेतात. वेणी घातलेले पाव पोत्यांनी चाललेले असतात, सोललेल्या बदामांचे ढीग, ऑलिव्हच्या बादल्या. आणि जसजशी वेळ सरते तसतसा विक्रेत्यांचा आवाज चढतो नि भाव उतरतो. उरलेली भाजी दोन दिवस कोण सांभाळणार?

मी कोथिंबिरीच्या जुड्या उलट्यापालट्या करत होते. आमचे हे मागे उभे होते, त्यांना मी म्हटलं, “अहो, सगळी पिवळी पडलीय हो ही.” शेजारून आवाज आला, “ताय, ती नका घेऊ, त्या पल्याडच्याकडे ताजी हाय.” मी वळून बघितलं तर स्कर्ट घातलेली, डोक्याला रुमाल बांधलेली साठीची बाई. मला तर काही सुचेचना.

ती बेने इस्रायल, म्हणजे आपल्याकडची मराठी ज्यू होती. पनवेलजवळचं गाव, लहानपणीच आईबापांबरोबर बोटीने गेलेली. राहायला अश्दोदला, लेकीकडे जेरुसलेमला आली होती. आपल्या कोकणात, अलिबागच्या पट्ट्यात हे लोक कित्येक पिढ्या तेलाचे घाणे चालवायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. आणि इथे ती मला सांगत होती, “आता अर्ध्या घंट्यात सगला बाजार बंद व्हतोय, चला बिगीबिगी.” माझा हात धरून तिने मला गर्दीतून नेलं. एवढीशी बाई, पण कोपरं काय मारत होती! कोथिंबीर घेतली, पालक घेतला, विक्रेत्याशी हिब्रूत कडाकडा भांडून शेवटची वांगी निम्म्या भावात घेऊन दिली. वाटेत तिचं आपलं सुरूच. नारळ इथे चांगला मिळत नाही. मटणाच्या कालवणात दूध-दही चालत नाही आमच्यात, मग नारळाचं दूधच लागतं, आता कुणी गावाहून आलं की आमसुलं मागवते. मग भोंगा झाला. जेरुसलेममध्ये सूर्यास्ताच्या चाळीस मिनिटं आधी तो वाजतो. विक्रेत्यांनी फळ्या टाकायला सुरुवात केली, काळे कोट घातलेली माणसं ‘बंद करा, बंद करा’ म्हणत फिरायला लागली. लेक वाट बघत असेल म्हणून ती बसथांब्याकडे पळालीच, शेवटची बस चुकली असती. पत्ता घ्यायचा राहिला.

घासाघिशीचं म्हणाल तर मी ती केलीच नाही. माझ्यावतीने पनवेलने केली.


टेम्सकाठी

वाह, वरीताई! डोळ्यांसमोर उभं राहिलं सगळं.

मी लंडनमध्ये राहतो, त्यामुळे माझा अनुभव पर्यटकाचा नाही, पण सासूबाई आल्या होत्या तेव्हाचा आहे, आणि त्या अस्सल पर्यटक. व्हाइटचॅपलला रॉयल लंडन हॉस्पिटलच्या समोर फुटपाथवर भाजीबाजार भरतो. विक्रेते बरेचसे बांगलादेशी. लंडनच्या अशा बाजारांत ‘पाउंड अ बोल’ची पद्धत आहे. स्टीलच्या वाडग्यांत भाजी-फळं भरून ठेवलेली असतात, एक वाडगा एक पाउंड. (आता बऱ्याच ठिकाणी दीड-दोन झालाय, हाका मात्र अजून पाउंडाच्याच.) आपण बोट दाखवायचं, तो वाडगा पिशवीत उलटा करतो. निवडायचं नाही. वर लालबुंद टोमॅटो आणि तळाला कोण आहे, ते घरी गेल्यावर कळतं.

आईंना हे मान्य होईना. त्यांनी सरळ भेंडीच्या खोक्यात हात घातला आणि शेंडे मोडायला लागल्या. मी कानाशी, “आई, इथे हात लावलेला चालत नाही हो.” तर म्हणाल्या, “जावईबापू, जून भेंडी तुम्ही खाणार की मी?” मागे रांग वाढत होती. दुकानदार काका, पांढरी दाढी, आधी कपाळाला आठ्या घालून बघत राहिले. मग स्वतःच एक भेंडी उचलली, शेंडा मोडला, कट्‌ असा आवाज आला तशी ती आईंच्या पुढे धरली. आईंनी मान हलवली. दोघांनी मिळून पाव-अर्धा किलो भेंडी निवडली, एक अक्षर न बोलता. तोवर रांगेतल्या एका बाईनेही खोक्यात हात घातला, तर काका तिच्यावर खेकसले, “नो टच!”

आईंचं मत : भाव ठीक, भेंडी बरी, माणूस चांगला, वाडग्याची पद्धत लबाडीची.


बांगडा

मालवणी माणसाक मासळीबाजार दाखवतलात तर तो पयलो वास घेतलो! असो, प्रमाण मराठीत लिहितो. हॅम्बुर्गला एल्ब नदीच्या काठी दर रविवारी फिशमार्क्ट भरतो. उन्हाळ्यात पहाटे पाचला सुरू, साडेनऊला बंद. १७०३ पासून चालू आहे आणि वेळ अशी विचित्र असण्याचं कारण म्हणजे माणसांनी बाजार उरकून चर्चला वेळेवर जावं. आता चर्चला कोण जातंय? रात्रभर नाचून-पिऊन आलेली पोरं आणि पहाटे उठलेले म्हातारे, दोघं एकाच गाड्यावर माशाचा पाव खात उभे असतात. जुन्या लिलावघरात तर सकाळी सात वाजता बँड वाजतो नि लोक बिअर घेऊन नाचतात.

विक्रेते ट्रकवर उभे राहून बोंबलतात. एक धुरावलेली ईल पिशवीत, त्यावर मॅकरेल, त्यावर सॅमनचा तुकडा, “अजून हवं? घ्या, हेपण घ्या!” आणि मग एकदम किंमत. जर्मन माणूस एरवी ट्रेनमध्ये कुजबुजतो, इथे घसा फाडतो. मला आवडलं. पण तक्रार आहे. नाव मासळीबाजार आणि अर्धा बाजार केळ्यांच्या टोपल्यांचा नि झाडांच्या कुंड्यांचा. आहे तो मासाही बराचसा धुरावलेला किंवा खारवलेला. कल्ला उघडून बघावा असं काही मिळेना, तेव्हा मी केळी घेऊन आलो.


दुबईची वारी

आमचं छोटंसं. देरामधला गोल्ड सूक, म्हणजे सोन्याचा बाजार. बर दुबईहून खाडी ओलांडायला अब्रा, म्हणजे लाकडी होडी, भाडं एक दिऱ्हम, आणि माझ्या मते दुबईतली सगळ्यात छान सवारी तीच. धनत्रयोदशीच्या आसपास गेलात तर सूकमध्ये निम्मी गर्दी आपलीच. तिथे सोन्याच्या भावावर वाद घालू नका, तो सगळीकडे एकच असतो, दुकानातल्या पाटीवर झळकतो. बोलणी करायची ती घडणावळीवर. दागिना जितका नाजूक तितकी घडणावळ जास्त आणि सूटही तिच्यातच. आधी ‘ग्राममागे घडणावळ किती’ एवढंच विचारा, म्हणजे दुकानदार समजतो की गिऱ्हाईक नवखं नाही. आणि बाहेर ‘कॉपी वॉच, कॉपी बॅग’ म्हणत मागे लागणाऱ्यांकडे बघूसुद्धा नका.


सुपारी

रानवारा, आम्ही आता फेझचं ठरवतोय. सासूबाई बरोबर आहेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. चढ कसा जमायचा?


रानवारा

सुपारीताई, वरच्या बू जलूद दरवाज्याने आत शिरा आणि फक्त उतरत जा, तेही सावकाश, मध्ये चहाला थांबत. खाली नदीकडे र्‌सीफ नावाचा चौक आहे, तिथपर्यंत छोट्या लाल टॅक्सी येतात. तिथून टॅक्सीनेच परत वर जायचं, म्हणजे चढायची वेळच येत नाही. पायऱ्या मध्ये मध्ये आहेत आणि फरशी गुळगुळीत झालेली आहे, तेव्हा काठी असू द्या. व्हीलचेअर चालणार नाही. शुक्रवार टाळा, त्या दिवशी नमाजानंतर बरीचशी दुकानं उघडत नाहीत. आणि हाक आली की आजींना भिंतीकडच्या बाजूला घ्या, तुम्ही खेचराच्या बाजूला.